फक्त रास्पबेरी पाय बोर्ड हाती आला आहे. सोबत काय घ्यावे आणि मुलांना कशावरून शिकवावे?

वाचनालय_सेविका

नमस्कार. मी कोल्हापूरच्या एका उपनगरातील सार्वजनिक वाचनालयाचे काम पाहते. आमच्या एका जुन्या वाचकाने बंगळूरला बदली झाल्यावर निघताना वाचनालयाला रास्पबेरी पाय ४ हा चार जीबी रॅमचा छोटा संगणक भेट दिला. भेट मिळाली ती नुसत्या हिरव्या बोर्डाची. डबी, चार्जर, कार्ड, केबल यांपैकी काहीही सोबत नाही. दर रविवारी आमच्याकडे आठवी-नववीची दहा-बारा मुले येतात आणि त्यांनी हा बोर्ड पाहिल्यापासून तो सुरू कधी होणार एवढाच विषय लावून धरला आहे.

समितीने तीन हजार रुपये मंजूर केले आहेत. आमच्याकडे जुना सतरा इंची मॉनिटर आहे, ज्याला फक्त निळ्या रंगाची व्हीजीए जोडणी आहे. तारेचा कीबोर्ड आणि माउस आहेत. इन्व्हर्टरवर केवळ दिवे चालतात, आणि इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. शहरातील एका दुकानात मला तीसेक वस्तूंचा तयार संच दाखवण्यात आला. त्यात रंगीत दिव्यांचा पंखा, पारदर्शक डबी, छोटा पडदा, तऱ्हेतऱ्हेचे सेन्सर असे पुष्कळ काही होते. तो घ्यावा, की सुट्या वस्तू घ्याव्यात? आणि घ्यायच्या तर कोणत्या क्रमाने? दुसरा प्रश्न शिकवण्याचा आहे. मराठीत काही साहित्य आहे का? मी स्वतः संगणकावर टंकलेखन आणि पुस्तकांची नोंद यापलीकडे गेलेली नाही.

उद्यमनगरी

ताई, संच घेऊ नका. पहिला खर्च वीजपुरवठ्यावर करा आणि तो अधिकृत अडॅप्टरवर करा. मी शिवाजी उद्यमनगरात यंत्रांच्या पॅनेलचे वायरिंग करतो आणि लोक माझ्याकडे 'पाय बिघडला' म्हणून जे बोर्ड घेऊन येतात, त्यांतील बहुतेकांचे दुखणे बोर्डात नसून त्याला वीज देणाऱ्या तारेत असते.

त्यामागचे गणित सांगतो, म्हणजे समितीलाही पटवून देता येईल. मोबाइलच्या साध्या केबलमध्ये बहुधा २८ गेजची तार असते. अशा एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.२१ ओहम भरतो, आणि वीज जाऊन परत यायची असल्यामुळे तो दुप्पट, म्हणजे ०.४२ ओहम धरावा लागतो. पाय ४ भरात काम करत असताना सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. म्हणजे केबलमध्येच अर्धा व्होल्ट गळून जातो. चार्जर बरोबर ५ व्होल्ट देत असला, तरी बोर्डापाशी साडेचारच पोहोचतात. या बोर्डाने स्वतःसाठी ठरवलेली धोक्याची रेषा ४.६३ व्होल्ट आहे. व्होल्टेज त्याखाली गेले की बोर्ड पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दाखवतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. कार्डावर लिहिणे चालू असताना व्होल्टेज आणखी कोसळले, तर कार्डावरची माहितीही जाते. अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा असतो आणि त्याची जाड केबल त्यालाच कायमची जोडलेली असते. हा वरचा ०.१ व्होल्ट आणि ती जाड तार यांसाठीच पैसे द्यायचे.

बोर्डावरचा लाल दिवा अधूनमधून विझत असेल, तर पडदा न जोडताही वीज कमी पडत असल्याचे कळते. मुलांना हे पहिल्याच दिवशी दाखवा.

तिरकस_कर्सर

रंगीत दिव्यांचा पंखा घेतल्यास गणेशोत्सवात वाचनालयाला वेगळी आरास करावी लागणार नाही, हा मुद्दा समितीपुढे मांडायला हरकत नाही.

चौथी_गल्ली

उद्यमनगरी यांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र दुसरा क्रमांक मी मेमरी कार्डाला देईन. या संगणकात हार्ड डिस्क नसते. कार्यप्रणालीपासून मुलांच्या फायलींपर्यंत सगळे त्या नखाएवढ्या कार्डावर राहते. ३२ जीबी पुरेसे आहे. कार्डावर 'ए-१' असे छापलेले असावे. त्याचा अर्थ ते कार्ड सेकंदाला किमान १५०० छोटी वाचने आणि ५०० छोटी लेखने पार पाडू शकते. कॅमेऱ्यासाठी कार्ड घेताना आपण सलग लिहिण्याचा वेग पाहतो, पण संगणकाचे काम अशा विखुरलेल्या छोट्या नोंदींचे असते. १७० एमबी वेगाची जाहिरात करणारे महागडे कार्ड पाय ४ मध्ये वाया जाते, कारण त्याची खाच सेकंदाला ५० एमबीपेक्षा पुढे जाऊच शकत नाही. त्यापुढच्या वर्गाच्या 'ए-२' कार्डाचा खरा लाभही पुढच्या पिढीच्या पाय ५ पासून मिळतो.

बनावट कार्डे बाजारात पुष्कळ आहेत. ती बाहेरून १२८ जीबी सांगतात आणि आत आठच असतात. त्यानंतर लिहिलेले सगळे नाहीसे होते आणि कार्ड तक्रारही करत नाही. कार्ड आणल्यावर विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ-३ ही मोफत साधने चालवून ते काठोकाठ भरून वाचून पाहावे. यात दोन-तीन तास जातात, पण ते रात्री लावून ठेवता येते. बिल घ्यायला विसरू नका.

जुनाच_बरा

मला या उत्साहावर थोडे पाणी ओतावेसे वाटते. तीन हजारांत चार्जर, कार्ड, केबल आणि व्हीजीएचा जुगाड करून जे उभे राहील, त्याहून एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला जुना डेस्कटॉप अनेक बाबतींत उजवा ठरतो. त्याला व्हीजीए असते, हार्ड डिस्क असते, बंद करण्याचे बटण असते आणि तो बिघडला तर राजारामपुरीत कोणीही दुरुस्त करून देतो. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली मोफत चालते आणि पायथन ही कार्यक्रम लिहिण्याची भाषाही तशीच. मुलांना संगणक शिकवायचा आहे, की बोर्ड हाताळल्याचे समाधान द्यायचे आहे, हे आधी ठरवा. २०१२ साली हा बोर्ड पस्तीस डॉलरला आला तेव्हा त्याची किंमत हेच त्याचे मोठे बळ होते. आज भोवतीच्या वस्तूंसकट हिशेब केला तर ते बळ बरेच ओसरले आहे.

लिनक्सवाली

जुनाच_बरा यांचा हिशेब चुकीचा नाही. नुसते टंकलेखन आणि पायथन शिकवायचे असते, तर मीही जुना डेस्कटॉपच सुचवला असता. पण येथे बोर्ड आधीच फुकट मिळालेला आहे, आणि त्याच्या कडेला ज्या चाळीस पिना आहेत त्या डेस्कटॉपला नसतात. मुलाने चार ओळी लिहिल्या आणि टेबलावरचा दिवा लागला, ही गोष्ट पडद्यावरच्या अक्षरांनी साधत नाही. दोन्ही ठेवावेत: कार्ड तयार करायला, ते तपासायला आणि नक्कल काढून ठेवायला वाचनालयाचा जुना संगणक लागणारच आहे.

मी मूळची कोल्हापूरची असून सध्या पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करते. शिकवण्याच्या साहित्याबद्दल एक इशारा सर्वांत आधी देते. इंटरनेटवर पायचे धडे असंख्य आहेत, परंतु धडा कोणत्या वर्षीचा आहे हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये. नवख्या माणसाला धड्यात लिहिल्याप्रमाणे सगळे करूनही अपयश येते आणि तो स्वतःला दोष देतो. प्रत्यक्षात धड्याखालची जमीनच सरकलेली असते. चार ठळक बदल सांगते.

जुने धडे 'पाय' हे वापरकर्त्याचे नाव आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड टाकायला सांगतात. सुरक्षेसाठी एप्रिल २०२२ पासून हे आयते खाते काढून टाकले आहे आणि आता नाव-पासवर्ड आपणच ठरवायचे असतात. जुने धडे कार्डावर वायफायची एक छोटी फाइल तयार करून ठेवायला सांगतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या कार्यप्रणालीच्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून वायफायचा कारभार नेटवर्क मॅनेजर या कार्यक्रमाकडे गेला आणि ती युक्ती निकामी झाली. त्याच आवृत्तीत 'कॉन्फिग' ही मुख्य मांडणीची फाइल बूट फोल्डरमधून त्याच्या आतल्या 'फर्मवेअर' या फोल्डरात हलली. आणि पायथनची जादा पॅकेजे थेट 'पिप' हे पॅकेजे घालण्याचे साधन वापरून घालायला गेल्यास आता नकार मिळतो. त्यासाठी आधी वेगळे आभासी पर्यावरण, म्हणजे त्या पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा, तयार करावे लागते. मुलांना ही अडचण पहिल्या दोन महिन्यांत येणार नाही, कारण लागणारे बहुतेक सगळे आधीच घातलेले असते.

कार्ड तयार करण्यासाठी रास्पबेरी पाय इमेजर हेच अधिकृत साधन वापरा. वापरकर्त्याचे नाव, वायफाय आणि वेळेचा पट्टा हे सर्व ते कार्ड लिहिण्यापूर्वीच विचारून घेते.

वाचनालय_सेविका

सर्वांचे मनापासून आभार. अडॅप्टर आणि कार्ड हे पहिले दोन क्रमांक मी लिहून घेतले आहेत. जुनाच_बरा यांना सांगते की वाचनालयात नोंदणीसाठी एक डेस्कटॉप आहे, पण त्याला मुलांचा हात लावू द्यायला ग्रंथपाल तयार नाहीत, आणि मला त्यांची काळजी समजते.

दोन शंका आहेत. समितीतील एका सदस्यांकडे लॅपटॉपचा ६५ वॅटचा यूएसबी-सी चार्जर पडून आहे. तो जास्त ताकदीचा असल्यामुळे बोर्ड जळेल का? आणि व्हीजीए मॉनिटरचे काय करायचे?

उद्यमनगरी

बोर्ड जळणार नाही. यूएसबी-सीचा चार्जर समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही आणि पाय ४ कधीच जास्त मागत नाही. तरीही मी तो टाळीन. पाय ४ च्या अगदी पहिल्या आवृत्तीत यूएसबी-सीच्या दोन जाणीव-पिनांना वेगवेगळे रोध देण्याऐवजी एकच सामायिक दिला गेला होता. त्यामुळे ज्या जाड केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असते, त्या केबलने जोडल्यास चार्जर या बोर्डाला ऑडिओचे उपकरण समजतो आणि वीजच सोडत नाही. पुढच्या आवृत्तीत हे सुधारले आहे, परंतु भेट मिळालेला बोर्ड कोणत्या आवृत्तीचा आहे हे तो सुरू झाल्याशिवाय सहज कळणार नाही.

पुढे कोणी पाय ५ घेणार असेल त्याच्यासाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. त्याला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवे असतात आणि ६५ वॅटचे बहुतेक लॅपटॉप चार्जर ५ व्होल्टवर तीनच अँपिअर देतात. त्यांची ताकद २० व्होल्टवर असते. बोर्ड सुरू होतो, पण त्याच्या यूएसबीच्या चारही खाचांना मिळून ६०० मिलिअँपिअरची मर्यादा घालतो. मग बाहेरची डिस्क चालत नाही आणि दोष डिस्कला दिला जातो.

चौथी_गल्ली

व्हीजीएबद्दल: पाय ४ वर मायक्रो एचडीएमआयच्या दोन खाचा आहेत. मायक्रो एचडीएमआय ते साधी एचडीएमआय अशी एक केबल आणि त्यापुढे एचडीएमआय ते व्हीजीए रूपांतरक, अशा दोन वस्तू लागतील. रूपांतरकात चिप असावीच लागते; नुसती एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेली स्वस्त तार चालत नाही, कारण एक संकेत अंकीय आहे आणि दुसरा सलग. ज्या रूपांतरकाला वेगळी वीज देण्याची बारीक खाच असते तो मिळाल्यास उत्तम. मॉनिटर नेहमी वीज जोडणीच्या जवळच्या खाचेत लावावा, दुसऱ्या खाचेत लावून पडदा काळा राहिला म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

व्हीजीएमधून आवाज जात नाही, पण पाय ४ ला हेडफोनची गोल खाच आहे, तेथे साधे स्पीकर लावता येतील. पाय ५ मध्ये ती काढून टाकली आहे. आणखी एक बारीक गोष्ट: पुढे बिनतारी कीबोर्ड घेतलात तर त्याचा ठोकळा निळ्या यूएसबी खाचेत लावू नका, काळ्या खाचेत लावा. निळ्या खाचेच्या वेगवान वाहतुकीचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि कीबोर्ड अक्षरे गिळू लागतो.

भौतिकीचा_मास्तर

मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. ताई, त्या तीस वस्तूंच्या संचापैकी मुलांना प्रत्यक्ष लागणाऱ्या वस्तू मूठभर आहेत: एक ब्रेडबोर्ड (डाग न देता जोडणी करायची भोकांची पाटी), एका टोकाला खाच आणि दुसऱ्या टोकाला काडी असलेल्या जंपर तारा, काही एलईडी, ३३० ओहमचे रोध, दोन-तीन दाबकळा आणि एक बझर. दोन्ही टोकांना काडी असलेल्या तारा घेऊ नका, कारण बोर्डावरच्या चाळीस पिनाही काड्याच आहेत.

विजेचे दोन नियम फळ्यावर कायमचे लिहून ठेवावेत. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना ५ व्होल्ट लागले तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो आणि त्यावर कोणताही फ्यूज तुम्हाला वाचवत नाही. ५ व्होल्टची पिन मात्र ३.३ च्या शेजारीच आहे, एक क्रमांकाची पिन ३.३ आणि दोन क्रमांकाची ५. दुसरा नियम, एलईडीला रोधाशिवाय जोडायचे नाही. ३३० ओहमच्या रोधाने लाल एलईडीतून जेमतेम चार मिलिअँपिअर जातात. तेवढ्यात तो छान दिसतो आणि पिनही सुरक्षित राहते.

अंतर मोजणारा एचसी-एसआर-०४ हा सेन्सर प्रत्येक संचात असतो आणि तो ५ व्होल्टचा संकेत परत पाठवतो. त्याच्या प्रतिध्वनीच्या पिनेवर १ आणि २ किलोओहमचे रोध लावून व्होल्टेज विभागले म्हणजे ३.३ व्होल्टच पुढे जातात. ओहमचा नियम दहावीत पाठ करण्याऐवजी येथे वापरायला मिळतो, आणि माझ्या दृष्टीने या बोर्डाचे खरे मोल एवढ्यात आहे.

लिनक्सवाली

सरांच्या यादीला एका सूचनेची जोड देते. पिनांना दोन क्रमांक असतात: एक रांगेतला क्रमांक आणि दुसरा चिपच्या दृष्टीने असलेला. रांगेतील अकरावी पिन ही चिपची सतरावी आहे. जीपीआयओ-झिरो या पायथनच्या संग्रहात १७ लिहिले की तो चिपचा क्रमांक धरतो, आणि मूल सतरावी पिन मोजून तार लावते. ती निघते ३.३ व्होल्टची. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, 'पिनआउट' ही आज्ञा दिली की बोर्डाचा पूर्ण नकाशा दिसतो. त्याची मराठी नावे लिहिलेली प्रत छापून भिंतीवर लावा.

जुन्या धड्यांत आरपीआय-जीपीआयओ नावाचा दुसरा संग्रह दिसेल. पाय ४ वर तो चालतो, पाय ५ वर मूळ रूपात चालत नाही. म्हणून आतापासून जीपीआयओ-झिरोचीच सवय लावावी.

गूळखडा

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमचे कागल तालुक्यात गुऱ्हाळ आहे. काहिलीतील रसाचे तापमान पडद्यावर दिसावे आणि गूळ उतरवण्याच्या वेळी बझर वाजावा, असे माझ्या पुतण्याच्या मनात आहे. त्याने याच बोर्डासाठी डीएस-१८-बी-२० हा पाणी न शिरणारा सेन्सर मागवला आहे. तो टिकेल का?

उद्यमनगरी

दादा, तो सेन्सर उणे ५५ ते १२५ अंश सेल्सियसपर्यंतचा आहे. गूळ उतरवताना रस ११८ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे तुम्ही रोज त्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहणार. शिवाय त्याच्या केबलचे आवरण भट्टीच्या धगीला किती दिवस पुरेल याची मला शंका आहे. के प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारांचा उष्णता मोजणारा सेन्सर, आणि त्याचे माप वाचणारी मॅक्स-६६७५ ही चिप घ्या. ती १०२४ अंशांपर्यंत मोजते. थर्मोकपलसाठी स्टीलची नळी उद्यमनगरात कोणीही बसवून देईल.

आणि नुसते तापमान मोजून बझर वाजवायला पूर्ण संगणक लागत नाही. ईएसपी-३२ किंवा पाय पिको यांसारखा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच कार्यक्रम चालवणारा छोटा नियंत्रक, वीज येताच लगेच सुरू होतो, त्याला कार्ड नसल्यामुळे वीज अचानक गेल्याने काही बिघडत नाही, आणि धुरामुळे-मळीमुळे गेलाच तर थोडक्यात बदलता येतो. पाय पिको २०२१ साली चार डॉलरला आला तो अशाच कामांसाठी.

तिरकस_कर्सर

चाचणीसाठी काकवी आणि गूळ या धाग्यावरील सर्व सदस्यांकडे पाठवावा, म्हणजे बझर योग्य वेळी वाजला की नाही याचा निःपक्षपाती अहवाल देता येईल.

जुनाच_बरा

उद्यमनगरी यांनी गुऱ्हाळासाठी जो निकष लावला, तोच वाचनालयाला लावून पाहावा. एलईडी आणि दाबकळ शिकवायला पिको पुरतो आणि तो कोणत्याही संगणकाला जोडता येतो. दहा मुलांत एक पाय म्हणजे एक मूल काम करणार आणि नऊ पाहणार. एका पायच्या भोवती जेवढा खर्च चालला आहे, तेवढ्यात चार पिको येतील.

भौतिकीचा_मास्तर

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यातून मार्गही निघतो. पाय ४ स्वतःच पिकोचा संगणक होऊ शकतो: थॉनी हा पायथन लिहिण्याचा साधा संपादक पायवर आधीच असतो आणि तो यूएसबीने जोडलेल्या पिकोमध्ये कार्यक्रम उतरवतो. पुढच्या वर्षीच्या मंजुरीत दोन पिको घेतल्यास एक गट लिहील आणि बाकीचे जोडणी करतील. चुकून ५ व्होल्ट लागले, तरी बळी जाईल तो स्वस्त वस्तूचा. यंदा मात्र जे हाती आहे ते सुरू करावे.

वाचनालय_सेविका

पिकोची सूचना मी पुढच्या बैठकीसाठी नोंदवून ठेवली आहे. मराठी साहित्याचा प्रश्न अजून राहिला आहे, त्याबद्दल कोणी सांगेल का?

लिनक्सवाली

क्षमस्व, तोच भाग मागे पडला. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाच्या पडद्याचे चित्रण करून केलेले छोटे धडे आहेत आणि लिनक्सच्या बऱ्याच धड्यांना मराठी निवेदन आहे. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर स्वतःचा सराव, अशी त्यांची पद्धत आहे. फायली, फोल्डर, टर्मिनलच्या प्राथमिक आज्ञा यांसाठी ते उत्तम आहेत, आणि धडे उतरवून घेता येत असल्यामुळे तुमच्या हॉटस्पॉटवर रोज भार पडणार नाही. तेथील पायथनच्या मालिकेचा रोख मात्र आलेख आणि आकडेमोडीकडे, म्हणजे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडे आहे. आठवीच्या मुलांना ती जड जाईल.

पिनांच्या प्रयोगांसाठी रास्पबेरी पाय फाउंडेशनचे मोफत प्रकल्प वापरावेत. ते इंग्रजीत आहेत, पण पायरीपायरीने आणि चित्रांसह आहेत. आदल्या दिवशी तुम्ही स्वतः प्रकल्प करून पाहावा आणि त्याचा एक पानाचा मराठी कागद मुलांच्या हाती द्यावा, असे मी सुचवीन. मुलांना व्हिडिओ लावून देऊ नये. हात थांबतात आणि डोळेच काम करतात.

पडद्यावर मराठी नीट दिसण्यासाठी लोहित देवनागरी हा फॉन्ट पॅकेज भांडारातून घालून घ्या. आणि इंटरनेट नसलेल्या वाचनालयासाठी किविक्स हे मोफत वाचन-साधन अवश्य पाहा. मराठी विकिपीडिया एका फाइलच्या रूपात मिळतो, तो एकदा कार्डावर उतरवला आणि तशी मांडणी केली की पाय स्वतःच वायफाय सोडू शकतो आणि वाचक आपापल्या मोबाइलवर इंटरनेटशिवाय तो वाचू शकतात. मुलांचा वर्ग फक्त रविवारी असतो. उरलेले सहा दिवस बोर्ड या कामाला लावता येईल.

जुनाच_बरा

किविक्सची कल्पना चांगली आहे, हे मान्य करतो. परंतु मग तो दिवसभर चालू राहणार, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्याची सोय काय?

चौथी_गल्ली

त्यासाठी खर्च न करता एक उपाय आहे. रास्पी-कॉन्फिग या मांडणीच्या साधनात 'ओव्हरले फाइल सिस्टिम' सुरू केली की कार्ड फक्त वाचले जाते आणि सगळे लिखाण रॅममध्ये होते. वीज गेली तरी कार्डाला धक्का लागत नाही. रविवारी मुलांच्या फायली जतन करायच्या असतील तेव्हा ती बंद करावी, किंवा त्या पेनड्राइव्हवर ठेवाव्यात. पॉवर बँक मध्ये लावण्याचा मोह टाळा. अनेक पॉवर बँका मुख्य वीज जाता-येताना क्षणभर पुरवठा तोडतात आणि तेवढ्यात बोर्ड पुन्हा सुरू होतो.

डबीबद्दल कोणी बोलले नाही. पाय ४ गरम होतो आणि ८० अंशांवर वेग कमी करू लागतो. अॅल्युमिनियमची, चिपला टेकणारी डबी घेतल्यास पंखाच लागत नाही आणि वाचनालयात घरघरही होत नाही. मात्र धातूच्या डबीने वायफाय काहीसे मंदावते, तेव्हा किविक्ससाठी बोर्ड दालनाच्या मध्यभागी ठेवा. आणि उंचावर ठेवा. २०१९ च्या पुरानंतर आमच्या शाहूपुरीत विजेची कोणतीही वस्तू कोणी टेबलाखाली ठेवत नाही.

भौतिकीचा_मास्तर

आणखी एक वस्तू इंटरनेट नसलेल्या ठिकाणी लागते. पाय ४ ला स्वतःचे घड्याळ नाही. तो वेळ इंटरनेटवरून घेतो. हॉटस्पॉट नसताना वीज जाऊन आली की त्याची तारीख मागे राहते आणि फायलींवर भलत्याच वेळा पडतात. डीएस-३२३१ हे घड्याळाचे छोटे मॉड्यूल १, ३, ५ आणि ९ या पिनांवर लावले की प्रश्न मिटतो. त्याला ३.३ व्होल्टच द्यावेत. या मॉड्यूलच्या एका प्रचलित प्रकारात बॅटरी भरण्याचे सर्किट असते आणि ५ व्होल्ट दिल्यास ते न भरता येणाऱ्या सीआर-२०३२ बॅटरीलाही भरायला जाते, जे धोक्याचे आहे.

वाचनालय_सेविका

माझी खरेदीची यादी अशी झाली आहे: अधिकृत अडॅप्टर, ए-१ चे ३२ जीबी कार्ड, मायक्रो एचडीएमआय केबल, व्हीजीए रूपांतरक, धातूची डबी, सरांनी सांगितलेले सुटे भाग आणि घड्याळाचे मॉड्यूल. तीन हजारांत हे बसते, मी दोन दुकानांत विचारून आले आहे. धातूच्या डबीतून पिना बाहेर येतात की नाही, हे पाहूनच ती घेईन. फक्त एक शेवटची शंका. बोर्ड बंद करण्यासाठी बटण नाही, मग मुले सरळ तार उपटतील. एका ठिकाणी पाच आणि सहा क्रमांकाच्या पिनांवर दाबकळ लावून बोर्ड बंद आणि पुन्हा सुरूही करता येतो, असे वाचले. ते करावे का?

उद्यमनगरी

वाचलेले बरोबर आहे, पण तुमच्या यादीत ते बसत नाही. पाचवी पिन घड्याळाच्या मॉड्यूलला लागणार आहे. दाबकळीने झोपलेला बोर्ड जागा करण्याची सोय त्याच पिनेवर आहे, म्हणून दोन्ही एकत्र नांदत नाहीत. तुमच्याकडे इंटरनेट नाही, तेव्हा घड्याळ ठेवा आणि दाबकळ शेवटच्या ३९ आणि ४० या पिनांवर लावा. ३९ ही अर्थिंगची आहे आणि ४० ही चिपच्या हिशेबाने २१. कॉन्फिगच्या फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाउनच्या ओळीत २१ हा क्रमांक द्यावा लागेल. कळ दाबल्यावर बोर्ड व्यवस्थित बंद होईल. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच भिंतीवरचे बटण बंद करायचे, आणि पुन्हा सुरू करायचा तेव्हा तेच बटण चालू करायचे. या रविवारी मी मोकळा आहे. कळ आणि तार घेऊन येतो, जोडणी मुलांकडूनच करून घेऊ.